मागून येणाऱ्यांचे मानोजीअण्णा

मानोजीअण्णांची आठवण आली की मला पहिल्यांदा राग येतो. बाकीचं सगळं त्याच्यानंतर. मी बंगळुरू सोडून पुण्याला परत आले, नोकरी बदलली, ट्रकशी आता माझा काडीचा संबंध राहिलेला नाही. तरी हायवेवर पुढच्या गाडीने कचकन ब्रेक मारला की मी त्या गाडीवर चिडायच्या ऐवजी अण्णांवर चिडते. एखाद्या माणसाने दुसऱ्याच्या डोक्यात किती ठाण मांडावं, याला काही सुमार आहे की नाही?

आमची कंपनी आपोआप चालणारे मालट्रक तयार करत होती. म्हणजे ट्रक विकत आणायचे आणि त्यांना डोळे आणि मेंदू बसवायचा. ऑफिस मल्लेश्वरमला, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. ट्रक उभे करायचं आणि चालवून बघायचं यार्ड देवनहळ्ळीच्या पुढे, पपनसाची बाग तोडून प्लॉट पाडलेल्या माळावर. कामं वेळेत होतात की नाही हे बघणं माझ्याकडे होतं. थोडक्यात, सगळ्यांच्या मागे लागण्याचा मला पगार मिळायचा.

विमावाल्यांनी सांगितलं, सुरक्षेसाठी कुणीतरी अनुभवी माणूस ठेवा. आमचा मालक कौशिक तिशीही न ओलांडलेला, हुशार आणि कायम घाईत. त्याला वाटलं, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ कोपऱ्यात बसतील आणि विमावाले आले की मान डोलावतील. केस पांढरे मिळाले. मान मात्र कायम आडवीच हलायची.

मानोजीराव जगताप. आयुष्यभर बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून काम केलेले, त्यामुळे आवाज असा की शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलले तरी खालच्या मजल्यावरचा वॉचमन दचकायचा. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. बसवनगुडीहून मेट्रोने यायचे आणि आल्याआल्या कुणाचीही पर्वा न करता सगळ्या खिडक्या उघडायचे. एसी बंद. का, तर यंत्राचा वास आधी नाकाला कळतो. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरखेरीज एकही यंत्र नव्हतं, हे त्यांना पटवायचा मी बराच काळ प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

त्यांचं घराणं साडेतीन शतकांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. हे ते इतक्या सहज सांगायचे की वाटावं, सामान अजून पुरतं लागलेलं नाही. त्यांच्या मराठीत कानडी मुरलेली होती आणि माझ्या मराठीत इंग्रजी. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, तू पुण्याची ना? मग तुझ्या मराठीत मराठी स्वल्पच कशी काय?" ऑफिसात हशा पिकला. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर अडखळत बोलायला लागले, याचाही मला राग आहे.

आणि तो त्यांचा प्रश्न. "मागं कोण आहे?"

कुठलीही मीटिंग असो. कौशिक पडद्यावर दाखवतोय, ट्रकने पुढची गाय किती लांबून ओळखली, कसा हळूहळू वेग कमी केला, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात आहेत, आणि कोपऱ्यातून गडगडाट व्हायचा, "सरी, सरी," म्हणजे ठीक, ठीक, "मागं कोण आहे?" मागे कुणी नाही अण्णा, यार्डातली टेस्ट आहे ही. "हायवेवर असतंय की कोणतरी." लिफ्टमध्ये शिरले की दार धरून उभे, मागून कोण येतंय का बघत. कुणी येत नसलं तरी उभे. मी एकदा त्यांच्याबरोबर तळमजल्यावरून वर जायला निघाले आणि शेवटी जिन्याने गेले. कॅन्टीनमध्ये भाताचा डाव अर्धा भरून परत भांड्यात सोडायचे, मागच्यांना पुरायला हवा म्हणून. मागे रांगेत बहुतेक वेळा मीच असायचे आणि मला भात नको असायचा.

माझा या ट्रकवर विश्वास होता, अजूनही आहे. रात्ररात्र गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांचे डोळे मी पाहिले होते. यंत्राला झोप येत नाही, ते फोनवर बोलत नाही, घरचं भांडण डोक्यात घेऊन बसत नाही. मला वाटलं होतं, अण्णा म्हणतील की माणसाची सर यंत्राला येत नाही, आणि मग मला त्यांना जुनाट ठरवून मोकळं होता येईल. तीही सोय नाही.

"ड्रायव्हर?" ते म्हणाले. "अय्यो, ड्रायव्हरांची नावं काढू नकोस. सगळा जन्म त्यांनी मोडलेल्या बसा दुरुस्त करण्यात गेला माझा. माझा त्यांच्यावर विश्वास नाही."

"मग यंत्रावर ठेवा की!"

"त्याच्यावर पण नाही."

"मग कोणावर आहे?"

"कुणावर कशाला पाहिजे? रस्ता आहे तो, देऊळ नव्हे."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ते नेहमी बरोबर असत, असंही नव्हे. एकदा हट्ट धरून बसले की दिवेलागणीला, मागे दिवे नसलेली गवताची गाडी तुमच्या ट्रकला दिसणारच नाही. दिसेल, म्हणून आम्ही सांगितलं. आकडे दाखवले. मान आडवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गृहस्थ देवनहळ्ळीच्या कुठल्याशा शेतकऱ्याकडून खरोखरची बैलगाडी, गवतासकट, यार्डात घेऊन हजर. बैल सोडून गाडी रस्त्यावर आडवी लावली. आमची सगळी टीम घरी जायचं सोडून उभी. ट्रक आला, त्याने गाडी लांबूनच पाहिली आणि इतका अलगद थांबला की कुणाच्या हातातला चहा हिंदकळला नसता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून आले. चेहरा असा की कुणीतरी त्यांचा अपमान केलाय. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "काय अण्णा, दिसली ना?"

"दिसली. ब्येस थांबला," ते म्हणाले. मग ट्रकच्या मागच्या बाजूला जाऊन अंधाराकडे बघत उभे राहिले. "आता मागं कोण आहे?"

मी सरळ गाडीत जाऊन बसले.

आमच्या ट्रकच्या अडचणी मात्र बहुतेक वेळा मागूनच यायच्या, हे मान्य करावं लागेल. एकदा टोलनाक्यावर काचेवरचा स्टिकर वाचला गेला नाही. ट्रक शहाण्यासारखा फाटकासमोर उभा राहिला. पुढे काही झालं नाही. मागे मात्र भोंग्यांचा जो कल्लोळ उठला तो विचारू नका. सीटवर आमचा मुनिराजू होता म्हणून निभावलं. मुनिराजू हा आमचा राखीव ड्रायव्हर. ट्रक आपला आपण चालायचा आणि हा स्टिअरिंगपाशी हात मांडीवर ठेवून बसायचा, काही बिघडलं तर हातात घ्यायला. ताडपत्री सुटून फडफडायला लागली, टायर बसला, की खाली उतरायचा तोच. कौशिकला ही सीट रिकामी करायची होती. त्याखेरीज कंपनीला अर्थ नव्हता. माणूस बसवूनच ट्रक चालवायचा तर तो साऱ्या जगात चालतोच आहे.

मग आली खंडेनवमी. बंगळुरूत त्या दिवशी चाकं असलेली एकही वस्तू बिनपूजेची राहत नाही. आमच्या ऑफिसात ट्रकच्या सेन्सरना हात लावायचा नाही असा कडक नियम होता, आणि तो अण्णांनीच केला होता. कॅमेऱ्याच्या काचेला बोट लागलं तरी पोरांना फैलावर घ्यायचे. पूजेला सगळे यार्डात जमलो. मुनिराजूने ट्रकच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, समोर झेंडूचा हार. भटजी गंधाची वाटी घेऊन बंपरपाशी आले तर अण्णा पुढे होऊन म्हणाले, "तिथं नको. आधी डोळ्यांना लावा."

भटजींनी डोळ्यांना लावलं. समोरच्या तिन्ही कॅमेऱ्यांना हळद, कुंकू, वर अक्षता. कौशिकने हे सगळं लोकांना घरबसल्या दाखवायला फोन लावून ठेवला होता. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आता ट्रकने आपला आपण पुढे येऊन लिंबं चिरडायची. ट्रक जागचा हलेना. डोळे बंद आणि दोन्ही बाजूंना केळी. तो बापडा काय करणार? मी अण्णांकडे पाहिलं. ते हात जोडून उभे होते आणि म्हणत होते, "सुम्ने घाई करू नका, त्याला वेळ द्या." उगाच घाई करू नका, म्हणे! नियम करणारा माणूस हा, मोडणारा माणूस हाच, आणि वर आम्हाला धीर देतोय. शेवटी मुनिराजूने गाडी हातात घेऊन लिंबं चिरडली. कॅमेरे पुसायला एक माणूस संध्याकाळपर्यंत बसला.

ही गंमत मी आजही रंगवून सांगते. दुसऱ्या दिवसाची सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक हायवेवर काढला. मुनिराजू सीटवर, शेजारी अण्णा, मागच्या बर्थवर लॅपटॉप घेऊन मी. गॅरेज, टायरची दुकानं, वजनकाटा, सगळ्यांच्या समोर रस्त्यात आदल्या दिवशी दृष्ट काढून फोडलेले कोहळे पडले होते, आत कुंकू भरलेले. ट्रकला आम्ही कुत्री दाखवली होती, गाई, दगड, टायरचे तुकडे, उलटलेली पिंपं. कुंकवाने लाल झालेला फुटका कोहळा कुणी दाखवला नव्हता. आमच्यातले निम्मे लोक बंगळुरूत जन्मलेले. दरवर्षी आपल्या हाताने कोहळा फोडणारे. एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिले काही कोहळे कडेला होते, निभावलं. एक मोठा, पांढरा-लाल, ऐन लेनमध्ये होता. ट्रकला वाटलं, काहीतरी जिवंत पडलंय. त्याने जीव खाऊन ब्रेक मारला.

माझा लॅपटॉप पुढे उडाला. आणि मागून एक आवाज आला, फार मोठा नाही.

मोपेडवर नवराबायको होते. दसऱ्याची फुलं घेऊन घरी चाललेले. मोपेड ट्रकच्या मागच्या लोखंडी दांडीत घुसली होती. नवरा रस्त्यावर बसून होता, त्याला खरचटलं होतं. बाई कडेला पडली होती आणि तिचा उजवा हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती. सांडलेल्या झेंडूकडे बघत होती. मुनिराजू मागच्या गाड्या थोपवायला धावला. माझ्या ओढणीची झोळी करून अण्णांनी तिचा हात गळ्यात बांधला, तिला कानडीत काय काय सांगत राहिले. एवढा हळू त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

दवाखान्याचं सगळं कंपनीने बघितलं. दोन दिवसांनी मीटिंग झाली. कौशिकने पडद्यावर दाखवलं की ट्रकने दिसल्याबरोबर ब्रेक मारला, लेन सोडली नाही, काही चुकलं नाही. मोपेड फार जवळून येत होती. मागच्याने अंतर ठेवायला हवं, कायदाही तेच सांगतो.

"कायदा बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "तुझा ट्रकही बरोबर आहे. मग त्या बाईचा हात चुकीचा आहे काय?"

मग कौशिकने एकेक उपाय मांडला. ट्रकला कोहळे शिकवू. ब्रेक आणखी सावकाश लावू. मागे मोठे दिवे लावू, 'अंतर ठेवा' अशी मोठी पाटी लावू.

"लावा की. सगळं लावा. पण कोहळा झाल्यावर आणखी काहीतरी असणार, ते तुला आज माहीत नाही, मला पण नाही. केबिनमध्ये माणूस नको असेल तर ट्रकच्या मागं एक गाडी पाहिजे. चारी इंडिकेटर लावलेली. लोक तिला बघून आधीच हळू होतील."

"आणि त्या गाडीत कोण?" मी विचारलं.

"ड्रायव्हर."

मला हसावं की टेबलावर डोकं आपटावं कळेना. "अण्णा, आपण ड्रायव्हर काढायला निघालोय. एक काढून दुसरा ठेवायचा आणि वर त्याला एक गाडी द्यायची? मग हा खटाटोप कशाला?"

"ते तू मला का विचारायलीस?" ते शांतपणे म्हणाले. "ते तुम्ही ठरवा."

तिथून पुढे सगळं अण्णांच्या एका 'हो'वर अडलं. एक मोठा माल पाठवणारा ग्राहक रिकाम्या सीटचा ट्रक बघायला येणार होता. त्याला पसंत पडला तर कंपनी तगणार, नाहीतर सगळ्यांनी घरी जायचं. हायवेच्या एका तुकड्यापुरती, एका सकाळपुरती परवानगी मिळाली होती, कुठल्या कुठल्या पायऱ्या झिजवून. आणि आमच्याच घरातून सुरक्षेचा होकार मिळत नव्हता. मी अण्णांच्या बसवनगुडीच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, सुभद्राकाकूंनी, दार उघडलं. काकू शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, चालणं-बोलणं सगळं झपाट्याचं. त्यांनी कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "बघ प्रयत्न करून. मला कधी जमलं नाही."

मी हात जोडले. म्हटलं, अण्णा, वीस-पंचवीस पोरांच्या नोकऱ्या आहेत. ते बराच वेळ बशीत कॉफी ओतत राहिले.

"तुझा ट्रक मला आवडतो गं ताई. खरंच आवडतो. वाईट असता तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो, आपोआप बंद पडला असता. हा चालणार आहे. गल्लोगल्ली होणार. म्हणूनच भीती वाटते."

"म्हणजे हो?"

मान आडवी हलली.

आठवड्याभरात कौशिकने त्यांना आदराने घरी बसवलं. शाल, श्रीफळ, फोटो. यार्डाचा पास रद्द झाला. विमावाल्यांसाठी दुसरे एक गृहस्थ आणले, त्यांचेही केस पांढरे होते आणि मान हवी तशी हलत होती. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, खिडक्या बंद करून एसी लावला तेव्हा फार बरं वाटलं.

तो दिवस उजाडला. यार्डात मांडव, खुर्च्या, उपमा, कॉफी. ट्रकच्या मागे गाडी ठेवायला कौशिकने साफ नकार दिला होता. पाहुण्यांना ट्रक एकटा येताना दिसला पाहिजे. आम्ही फाटकापाशी उभे राहून हायवेकडे डोळे लावले. आणि ट्रक दिसला. केबिन रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण किंचित हलतंय. इतक्या वेळा पाहिलेलं, तरी अंगावर काटा आला.

त्याच्या मागे, नेमकं अंतर राखून, मोतिया रंगाची एक जुनी छोटी गाडी येत होती. चारी इंडिकेटर लुकलुकत होते. डिकीला लाल टॉवेल बांधलेला. तिच्या मागे टेम्पो, मोटारी, मोपेडी, सगळे हळू येत होते, चिडून भोंगे वाजवत, पण लांब राहून. कौशिकने माझा दंड धरला.

"ती मागची गाडी तुमचीच का?" पाहुण्यांनी विचारलं.

कौशिकचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "होय," तो म्हणाला. "आमचीच."

"छान. मागच्यांचा विचार सहसा कुणी करत नाही."

ट्रक डौलात आत वळला, टाळ्या झाल्या. मागच्या गाडीला वॉचमनने अडवलं, पास नव्हता ना. मी धावत गेले. स्वेटर घालून अण्णा स्टिअरिंगला चिकटून बसलेले, शेजारी काकू.

"अण्णा, हे काय? तुम्हाला इथं कुणी बोलावलं?"

"रस्ता काय तुझ्या कौशिकचा आहे?" पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. घामाने कॉलर भिजली होती. हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. काकूंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि आपल्या तळव्यात घेऊन चोळायला लागल्या.

"हायवेची भीती वाटते यांना," काकू मला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून कधी शहराबाहेर गाडी काढली नाही. काल रात्री जेवले पण नाहीत."

"मग तुम्ही चालवायची ना काकू!"

"हिला दिली असती तर ही ट्रकच्या पुढं गेली असती," अण्णा पुटपुटले. मग माझ्याकडे बघून, "परत कधी निघायलाय तो? रिकामाच जाणार काय?"

मी म्हटलं, नाही अण्णा, परत मुनिराजू चालवत नेणार आहे.

"नक्की?"

"नक्की."

"सरी, मग." त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. मी म्हटलं, आत चला, पाणी प्या, कौशिक तुम्हाला आमचे म्हणालाय. त्यांनी मान हलवली. कशी, ते सांगायला नको.

काकू उतरल्या, वळसा घालून आल्या, अण्णा पलीकडे सरकले. काकूंनी गाडी अशी झटक्यात वळवली की वॉचमन बाजूला उडाला. गाडी हायवेला लागली तेव्हा डाव्या खिडकीतून स्वेटरबाहेर आलेला पांढऱ्या शर्टाचा एक हात बाहेर निघाला आणि मागून येणाऱ्यांना वरखाली करून सांगत राहिला, हळू, हळू, हळू.